अर्धा पलंग

नीवेसचं पत्र फेब्रुवारीत आलं. नोव्हेंबर उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहानसं होतं. ती नवऱ्याला सोडून बिएल्लाला आईकडे राहायला गेली होती. मला तिनं एकच गोष्ट विचारली होती. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला सकाळी, पहिल्या घंटेपासून आपण घरी परत येईपर्यंत, मी तुमच्याबरोबर होते ना? ‘तुम्ही तसं लिहून दिलंत तर मी इथेच राहीन. तुमचं उत्तर आलं नाही, तर लिव्हियो म्हणतो ते खरं, माझंच डोकं ठिकाणावर नाही, असं धरून कधीतरी परत जाईन. आईलाही आता तसंच वाटायला लागलंय. रोज संध्याकाळी तो फोन करतो, आणि रोज मी थोडं थोडं त्याचं ऐकते.’

‘हो’ लिहायला काय लागतं? मी शाळामास्तर होतो. मुलांनी उत्तर अर्धवट सोडलं की ओरडायचो. आणि इथे मी कागद पुढे घ्यायचो, ‘हो’ लिहायचो, त्याच्याकडे बघत बसायचो आणि फाडून चुलीत टाकायचो. कारण ती माझ्याबरोबर होती याची मला खात्री नव्हती. कुणीतरी होतं, एवढीच होती.

मोंब्रूनेलो गावाबाहेर, द्राक्षमळ्यांच्या वर आमचं घर आहे. वरचे दोन खण माझी थोरली बहीण देल्फीना पाहुण्यांना देते. तोरीनोची, मिलानोची जोडपी येतात, टेकड्या बघतात, बार्बेरा वाइन पितात, उशिरापर्यंत लोळतात. मी खालच्या खोलीत पुस्तकं घेऊन बसतो आणि पाहुण्यांच्या वाटेला शक्यतो जात नाही. देल्फीना त्यांना सांगते, “तो आमचा मास्तर. चावत नाही. फक्त लाजतो.”

लिव्हियो आणि नीवेस ऑक्टोबर सरता सरता आले. तो पन्नाशीचा, अंगानं भरलेला, मोकळं हसणारा. ती बरीच लहान. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. वेलींची पानं तेव्हा लाल झालेली असतात आणि सकाळचं धुकं उतरलं की सगळा उतार पेटल्यासारखा दिसतो. दोघं हातात हात घालून हिंडायची. दुपारी अंगणात बसून तो तिला चेस्टनट सोलून द्यायचा, आधी स्वतः फुंकून गार करून. देल्फीना खिडकीतून बघायची आणि सुस्कारे टाकायची.

“बघ, याला म्हणतात नवरा. तुझ्या दाजींनी उभ्या जन्मात मला कांदासुद्धा सोलून दिला नाही.”

“दाजींना कांद्यानं डोळ्यांत पाणी यायचं,” मी म्हणालो.

“माझ्या डोळ्यांत काय तेल यायचं?”

मलाही ती दोघं आवडली होती. फक्त एकदा मी पुस्तकातून डोकं वर काढलं तेव्हा घरामागच्या जुन्या दगडखाणीच्या काठावर तो तिचा फोटो काढत होता. “थोडी मागे,” तो म्हणत होता. “अजून थोडी. माझ्याकडे बघ, खाली बघू नको.” तिनं दोन पावलं मागे टाकली आणि हसत उभी राहिली. टाचेखालून एक खडा सुटला. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. मी पुढचं पान उलटलं नाही, एवढं आठवतं. तो गोड हसत होता. फोटो तर सगळेच काढतात. मला लोकांबद्दल वाईट विचार करायची हौस नाही, आणि केला तरी तो बरोबर निघेल असा माझा कधीच भरवसा नसतो.

त्याच दुपारी नीवेस माझी पुस्तकं बघायला खाली आली.

“मास्तर, पहाडांवरचं काही आहे का? चित्रं असलेलं?”

मी वरच्या फळीवरून एक काढून दिलं. तिनं ते उघडलं नाही.

“लिव्हियोची पहिली बायको पहाडात गेली,” ती म्हणाली. “ओर्नेला. दोघं चढायला गेली होती, तो एकटा उतरला. त्याबद्दल तो बोलत नाही. मला नुसतं बघायचं होतं, तिकडे कसं असतं ते.”

“थंड असतं,” मी म्हणालो. अजूनही ते आठवलं की लाज वाटते.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, रात्रीच्या जेवणाला देल्फीनानं त्यांना आपल्याबरोबरच बसवलं. लसूण आणि अँकोव्ही मासळीच्या गरम रश्शात आम्ही सगळे एकाच मडक्यात भाज्या बुडवत होतो. जेवण आटोपल्यावर तिनं उकडलेल्या चेस्टनटचा वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवला. लिव्हियोनं हात पुढे केला. तिनं चमच्यानं त्याच्या बोटांवर टकटक केलं.

“हे तुमच्यासाठी नाही हो.”

“मग कुणासाठी?”

“उद्या येणाऱ्यांसाठी. आणि एक सांगायचं राहिलं. उद्या पहाटे घंटा झाली की पलंग सोडायचा. मी ताज्या चादरी घालते, उशीपाशी कोपरा दुमडून ठेवते, खिडकी बोटभर उघडी. आपण सगळे कबरस्तानात. परत येईपर्यंत पलंग त्यांचा. बिचारे वर्षभर दगडाखाली पडलेले असतात, एक सकाळ तरी पाठ टेकू दे त्यांना.”

लिव्हियो खदखदून हसला. “तोरीनोहून मी झोपायला आलोय, बाई. त्यांना म्हणावं, सोफ्यावर पडा.”

“असं बोलू नये.”

“आणि माझ्याच पलंगावर का? मास्तरांचा नाही का?”

“त्याचाही. सगळ्यांचे. पण मास्तरांच्या पलंगावर पुस्तकांनाच जागा पुरत नाही, मेलेले कुठे मावणार?”

नीवेस हसली नाही. “मी उठेन,” ती म्हणाली. “मला आवडेल यायला.”

खरं म्हणजे त्या दिवसांत वरचे खण आम्ही कधीच कुणाला देत नसू. त्या वर्षी सुट्ट्या जोडून आल्या होत्या आणि देल्फीनाला नाही म्हणवलं नाही. मी तिला विरोध करायला हवा होता का, ठाऊक नाही. मी कुठल्याच गोष्टीला विरोध करत नाही.

पहाटे घंटा झाली. नीवेस स्वयंपाकघरात तयार होऊन आली. अंगात पातळ कोट होता, म्हणून देल्फीनानं आपली काळी लोकरी शाल तिच्या डोक्यावरून घेऊन गळ्याशी बांधून दिली. मग चादरी घेऊन ती वर गेली. मला खालून ऐकू येत होतं.

“उठा हो, साहेब.”

“जा हो बाई.”

“उठा, म्हणते ना.”

“मरू दे मला.” आणि उशीत दाबलेलं हसू.

ती थोड्या वेळानं उतरली तेव्हा तोंड लाल झालं होतं.

“उठत नाही तो बैल. मी अर्धाच पलंग केला.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? हिची बाजू. जुनी चादर त्याच्या अंगाखाली खोचून दिली, या बाजूला नवी घातली, नवी उशी, कोपरा दुमडला. अर्धा तर अर्धा. अगदीच काही नाही त्यापेक्षा बरं.”

“त्याच्याच शेजारी?” मी विचारलं.

मग तिनं कंदील उचलला. “आता झालं ते झालं. चल.”

असं कुणी कधी केल्याचं मी ऐकलेलं नाही. पलंग द्यायचा तर रिकामा देतात, नाहीतर देत नाहीत.

बाहेर धुकं एवढं होतं की कंदिलाचा उजेड पायापर्यंतही पोचत नव्हता. देल्फीना गावच्या बायकांबरोबर जप म्हणत पुढे गेली. मी आणि नीवेस मागे. माझा चष्मा सारखा धुरकट होत होता. शेवटी तो काढून मी खिशात ठेवला. चढावर तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. लाजाळू माणसं अशा वेळी फार बोलतात. मी तिला कबरी दाखवत गेलो. हे आमचे वडील, हे जुने पाद्री, हा माझा विद्यार्थी, गणितात हुशार होता. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, प्रार्थना करत असेल. शालीनं तोंड झाकलेलं होतं. हाताला वजन होतं, आणि कोटाच्या बाहीतूनही तो गार लागत होता. तिथे सगळंच गार होतं म्हणा.

उजाडता उजाडता आम्ही परतलो. अंगणात येईपर्यंत दंडावर तो हात होता. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला तेव्हा नीवेस दाराशी उभी राहून शाल सोडत होती. “आभारी आहे, मास्तर,” ती म्हणाली. “तुम्ही किती छान सांगता.”

लिव्हियो खाली आला तो शीळ घालत. मागून येऊन त्यानं तिच्या मानेवर ओठ टेकले.

“मला ठाऊक होतं, तुला माझ्याशिवाय राहवणार नाही. पाय मात्र बर्फ झाले होते हं तुझे.”

“कधी?”

“मघाशी. परत येऊन शिरलीस ना पांघरुणात.”

नीवेसनं माझ्याकडे बघितलं. “मी आत्ता येतेय. मास्तरांबरोबर.”

“आणि मला जे सांगितलंस ते?”

“काय सांगितलं?”

“की सगळं विसरलीस. माझ्यावर राग नाही.” तो अजून हसत होता. “मी रडलो, मास्तर. या वयात. विचारा हिला.”

“कशाचा राग, लिव्हियो?”

त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं, ताटलीतलं पाणी आटावं तसं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्या पायांकडे. तिच्या बुटांना लाल चिखल होता, कबरस्तानात असतो तसा आणि आमच्या अंगणातही.

“मास्तर,” ती म्हणाली, “सांगा ना याला.”

मी सांगितलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण तेव्हाच मला तो दंडावरचा हात आठवला, आणि एवढ्या वाटेत एकदाही न आलेला तिचा आवाज. मी म्हणालो, “धुकं फार होतं.”

त्यानंतर देल्फीनानं वर जाऊन पलंगावरच्या चादरी काढल्या. मी जिन्यातून बघितलं. नीवेसच्या बाजूच्या उशीला खळगा पडला होता. देल्फीना काही न बोलता ती चादर वेगळी घेऊन गेली आणि तिनं ती घरात धुतली नाही, ओढ्यावर नेऊन धुतली.

दोघं त्याच दुपारी गेली. गाडीत बसताना लिव्हियोच्या चेहऱ्यावर मला भलतंच काहीतरी दिसलं. भीती असती तर समजलं असतं. तो खूश होता. ओझं उतरलेल्या माणसासारखा.

या वर्षी ऑक्टोबरात त्याचा फोन आला. देल्फीनानं घेतला.

“तोच खण मागतोय. तेच दिवस. एकटाच येणार म्हणे.”

“नको म्हण,” मी म्हणालो.

“का? कारण सांग.”

माझ्याजवळ असलेलं कारण बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. नीवेसचं पत्र मी तिला दाखवलं नव्हतं. देल्फीना फोनमध्ये म्हणाली, “या.”

तो आला. आम्हा दोघांसाठी मिठाई आणली, देल्फीनाच्या हाताची तारीफ केली. नीवेसचं विचारलं तर म्हणाला, “आईकडे आहे. जरा दमलीये. नाताळला येतेय घरी. जवळजवळ कबूल केलंय तिनं.” जेवण झाल्यावर त्यानं आपणहून चेस्टनटचा वाडगा टेबलाच्या मध्यावर सरकवला.

“उद्या मी उठणार नाही,” तो म्हणाला. “पण तुम्ही गेल्या वर्षीसारखं करा. ती बाजू. नीट करा, कोपरा दुमडून.”

देल्फीनानं ताटं उचलली. त्याच्याकडे न बघता ती आत गेली. तरी सकाळी तिनं तसंच केलं. का केलंस, असं मी विचारलं नाही. मृतांसाठी कुणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही, हे मलाही माहीत आहे.

मी कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तसा मी धीट नाही. पण नाताळ जवळ आला होता, आणि माझ्या टेबलाच्या खणात ते पत्र होतं.

या खेपेला धुकं नव्हतं. सगळं स्वच्छ, राखाडी. वरची खिडकी बोटभर उघडी होती. मी अंगणात, काकी नावाच्या फळझाडाखाली उभा राहिलो.

लिव्हियोचा आवाज येत होता. झोपाळलेला, मऊ. पलंगावर शेजारच्या माणसाशी बोलतात तसा. मध्ये थांबायचा. मग हसायचा.

“हो ना,” तो म्हणाला.

मग बराच वेळ काही नाही.

“माहितीये. एकटं वाटतं तुला.”

पुन्हा शांतता. मी श्वास धरून ऐकत होतो. दुसरा आवाज आला नाही. शपथेवर सांगतो, आला नाही.

“येतेय ती. नाताळात. बर्फ वितळलं की तिला तिथेच घेऊन जातो.” मग हलकंसं हसू. “नाही, नाही. खाली बघत नाही ती.”

मी आत गेलो. कागद घेतला. कोण पलंगावर होतं आणि कोण माझ्या दंडाला धरून चालत होतं, ते मला आजही ठाऊक नाही. पण आता त्यानं फरक पडत नव्हता. मी लिहिलं: ‘तुम्ही माझ्याबरोबर होतात. पूर्ण वेळ. तुमचं डोकं ठिकाणावर आहे. त्याच्याकडे जाऊ नका, विशेषतः त्याच्याबरोबर पहाडात जाऊ नका. हे पत्र आईला दाखवा.’ सही केली. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं सरळ आलं.

पोस्ट तालुक्याच्या गावी आहे, आणि बस दुपारची. मी चालत जायचं ठरवलं. टोपी घातली आणि दारात लिव्हियो उभा. अंघोळ केलेला, ताजातवाना, हातात बॅग.

“कुठे निघालात, मास्तर?”

“पोस्टात.”

“चला, सोडतो. वाटेवरच आहे माझ्या.”

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. पण माझं नको म्हणणं कुणाला ऐकू येत नाही. त्यानं मागचं दार उघडून धरलं.

“मागे बसा हं.”

पुढची जागा रिकामी होती. तिचा पट्टा ओढून, नीट खटक्यात अडकवून ठेवलेला होता. माझी नजर तिथे गेलेली त्यानं आरशात पाहिली.

“नाही लावला तर गाडी टिंटिं करत राहते,” तो म्हणाला. “डोकं उठतं.”

मी गाडी चालवत नाही. पण दाजींच्या गाडीतही तसंच होतं, आणि मला माहीत आहे की सीटवर कुणी बसलं तरच ती वाजते.

वाटेत तो द्राक्षांच्या भावाबद्दल बोलला. हीटर मोठा लावला होता, तरी माझे गुडघे गारठले. कोटाच्या आतल्या खिशातला लिफाफा मी हातानं दाबून धरला होता. वळणावर तो गाडी सावकाश घेत होता आणि दर वळणाला उजवा हात अलगद त्या रिकाम्या जागेपुढे आडवा धरत होता.

पोस्टासमोर त्यानं गाडी थांबवली. “घ्या उरकून. थांबतो मी, सिगरेट होईल माझी.” तो उतरला आणि रस्त्यापलीकडे कठड्याला टेकून उभा राहिला.

आत काउंटरमागे पोस्टातली रोझाल्बा एकटीच होती.

“बापरे, मास्तर! तुम्ही आणि पत्र? कुणाला, प्रेयसीला?”

“रजिस्टर,” मी म्हणालो. “लवकरात लवकर जाईल असं.”

“परवा पोचेल. बिएल्ला... नीवेस... अक्षर काय सुंदर हो तुमचं.” ती मोठ्यानं वाचत होती. दार अर्धवट उघडं होतं.

मी बाहेर बघितलं. लिव्हियो रस्त्यापलीकडे, आमच्याकडे पाठ करून धूर सोडत होता. गाडी बंद होती. पुढच्या रिकाम्या जागेच्या काचेवर, आतून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर वाफेचा एक ठिपका होता. तो विरत गेला. पुन्हा उमटला. पुन्हा विरला. सावकाश, एका लयीत.

“पाठवू ना, मास्तर?” रोझाल्बानं विचारलं. “की परत हवंय?”

“पाठव,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

ठिपका विरला. मी वाट बघत राहिलो. तो पुन्हा उमटला नाही.

रोझाल्बानं शिक्का मारला आणि पत्र मागच्या पिशवीत टाकलं.